बुधीवहिनीचं राहिलेलं लग्न

भांडावं तर बुधीवहिनीने. बाकीच्या बाया नुसत्या ओरडतात. मी या पाड्यावर अंगणवाडी चालवते, सगळे मला ताई म्हणतात, माझा नवरा दिपकसुद्धा ताईच म्हणतो, आणि पाड्यातलं एकही भांडण माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. तेव्हा या विषयातलं मला कळतं. बुधीवहिनी आधी पदर कमरेला खोचायची, मग अंगणाच्या मधोमध उभी राहून घसा साफ करायची. निम्मी माणसं तेवढ्यावरच शरण यायची.

चौदा सालची गोष्ट सांगते. आठ दिवस पाड्यात लाईट नव्हती आणि मीटरवाला रीडिंग घ्यायला आला. वहिनी म्हणाली, “आधी लाईट, मग रीडिंग. बस इथे.” बसवला त्याला ओट्यावर. दुपारी तिनेच त्याला सुकटीचं कालवण आणि भाकरी वाढली. तो जेवला आणि तिथेच आडवा झाला. संध्याकाळी लाईट आली तेव्हा तिने त्याला हलवून उठवलं, “ऊठ मेल्या, घे तुझं रीडिंग.” पुढे तो दर महिन्याला बरोबर जेवणाच्या वेळेला यायला लागला.

तिचा नवरा चिमणदादा. झाईकडच्या एका चिकूच्या वाडीत कामाला जातो. झाडावर चढून, लांब काठीला जाळी लावून दिवसभर चिकू उतरवायचे आणि घरी येऊन बायकोचं ऐकायचं. पंचवीस वर्षं ऐकून ऐकून त्याचं स्वतःचं बोलायचं राहूनच गेलं. आणि त्यांचा एकुलता एक पोरगा सुदाम. वहिनीचं भांडण जगात फक्त त्याच्यापुढे चालायचं नाही. ती पदर खोचायला लागली की हा म्हणायचा, “आई, तुझंच बरोबर,” आणि तिच्याच ताटात जेवायला बसायचा. आता अशा माणसाशी भांडणार कसं? ती नुसती धुमसत राहायची.

पंधरा साली सुदामची सोयरीक ठरली. मुलगी वेवजीची, चंद्रिका. आईबाप लहानपणीच गेलेले, विधुर मामाने वाढवलेली. लग्न पुढच्या माघात धरलं. पण त्याआधी एक काम होतं, आणि ते बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. हसा बापडे. आमच्यात पोराचं लग्न करायचं तर आधी त्याच्या आईबापाचं झालेलं पाहिजे. आता तुम्ही म्हणाल, म्हणजे काय? तर लग्नाला जेवणावळ लागते, वाजंत्री लागते, चार दिवस कामावर खाडा होतो. म्हणून माणसं आधी घर करतात, पोरंबाळं होतात, आणि लग्न ‘करू पुढच्या वर्षी’ म्हणत मागे पडतं. कोणी नावं ठेवत नाही. पण ज्यांचं लग्न लागलेलं नाही, त्यांनी मांडवात आईबाप म्हणून बसायचं नाही, हा नियम. चिमणदादा आणि बुधीवहिनीचं तसंच राहिलेलं. ठरलं की सकाळी आईबापाचं उरकायचं, संध्याकाळी पोराचं. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेतून सुदामने आईला लग्नाची साडी घेऊन दिली, मोरपंखी. पाड्यातल्या प्रत्येक बाईने ती दोनदा पाहिली. मी तीनदा.

आषाढात सुदामला कावीळ झाली आणि तो गेला. वीस वर्षांचा होता. यात सांगण्यासारखं काही नाही, आणि सांगायचं म्हटलं तर मला अजून नीट सांगता येत नाही.

त्या दिवसापासून बुधीवहिनी भांडायची थांबली.

तुम्हाला वाटेल बरं झालं, पाडा शांत झाला. छे! अंगावर काटा यायचा त्या शांततेने. ती कामं सगळी करायची. भात लावला, कापला, पाणी भरलं. पण कोणी बोललं तर ‘हं’ आणि ‘नाही’, संपलं. कोणाच्या दारात जाणं नाही, कोणी दारात आलं तर बसायला सांगणं नाही. चिमणदादा संध्याकाळी वाडीतून यायचा आणि अंगणात उभा राहायचा, आत कसं जायचं ते न कळल्यासारखा.

आम्ही कमी प्रयत्न केले नाहीत. पांड्या, आमच्या पाड्याचा पंचायतीतला मेंबर, त्याने मुद्दाम आपल्या बकऱ्या तिच्या वालाच्या शेतात सोडल्या. पूर्वी असं झालं असतं तर पांड्याला तालुका सोडावा लागला असता. तिने बकऱ्या गुपचूप हाकलल्या आणि घरात गेली. पांड्या अगदी रडवेला होऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “ताई, एक शिवीपण नाही दिली गं!” मग दिपकने तिच्या अंगणात आमचा कचरा टाकून बघितला. तिने झाडून काढला. मला इतकी शरम वाटली की मी घरी येऊन दिपकशी भांडले. म्हणजे कोणीतरी भांडायला पाहिजेच ना!

चंद्रिका मात्र येत राहिली. तलासरीच्या बाजाराला आली की वाट वाकडी करून आमच्या पाड्यावर यायची, वहिनीशेजारी बसून तांदूळ निवडायची, शेवटची गाडी गाठायची. दोघी बोलायच्या नाहीत. अशी अडीच वर्षं गेली. अठरा साली होळीनंतर ती आली ती सरळ माझ्याकडे. मामाने तिचं लग्न ठरवलं होतं. मुलगा झाईकडचा, जिव्या नावाचा, चिकूचा टेम्पो चालवणारा. पोरगी खुश होती आणि खुश असल्याची तिला लाज वाटत होती.

“ताई, मामा एकटा आहे. मांडवात जोडीने कोण बसणार? मला बुधीमावशी आणि चिमणकाकाच पाहिजेत. तुम्ही सांगाल का मावशीला?”

“अगं बाई,” मी म्हटलं, “त्यांचंच लग्न राहिलंय की.”

“मग लावा ना. तुम्ही एवढ्या अंगणवाडीच्या ताई.”

ही पोरं आम्हाला काय समजतात देव जाणे. पण गेले मी. चिमणदादाने ऐकलं आणि दहा वर्षांत बोलला नसेल तेवढं एका दमात बोलला, “करू. लगेच करू. कधी करू?” वहिनी म्हणाली, “ज्याच्यासाठी करायचं होतं तो नाही. मला नको.” आणि विळी घेऊन भाजी चिरायला बसली. मी अर्धा तास समजावलं. मी गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या खायला लावते, माझ्यापुढे भलेभले हरतात. पण ही ढिम्म.

चंद्रिकेने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं. मग मी इथेच राहते.” आणि राहिली की! मामाला निरोप धाडला, वहिनीच्या घरात पथारी टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून वहिनी पाण्याला गेलेली बघून चुलीचा ताबा घेतला. आता चंद्रिका गुणी पोर आहे, तिला शिवण येतं, हिशेब येतो, गुजराती येतं, पण स्वयंपाक? राम राम. सुकट तिने न धुता, न भाजता तशीच वाळूसकट टाकली. मीठ दोनदा पडलं. भाकरी एका बाजूने कोळसा आणि दुसऱ्या बाजूने पीठ. एक दिवस वहिनीने मुकाट्याने खाल्लं. दुसऱ्या दिवशीही खाल्लं. चिमणदादा डब्यात तेच घेऊन वाडीत जायचा आणि बिचारा चिकू खाऊन पोट भरायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पोरांना खिचडी वाढत होते, तेवढ्यात आवाज आला.

“सटवे, ही भाकरी आहे का कौल आहे? घरावर घालू का ही? वाळू खाऊन माझे दात गेले! आईने काही शिकवलं नाही का तुला?”

हातातला डाव तसाच टाकून मी पळाले. पाडा सगळा पळाला. पांड्या बनियनवर पळाला. वहिनी अंगणाच्या मधोमध उभी, पदर खोचलेला, आणि चंद्रिका समोर मान खाली घालून. चिमणदादा त्या दिवशी उपाशीपोटी दुपारीच वाडीतून परत येत होता. त्याने वळणावरूनच आवाज ऐकला आणि तो तिथेच रस्त्यात खाली बसला. मागून टमटमवाला हॉर्न वाजवतोय, हा उठेना. डोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू.

“उद्या सासरी अशी भाकरी घालशील,” वहिनी ओरडत होती, “तर तिथली माणसं मला शिव्या देतील! म्हणतील, हिच्या आईला काही वळण आहे का नाही!”

हे बोलली आणि थांबली. आपण काय बोलून गेलो ते तिच्या लक्षात आलं. आमच्याही आलं. पांड्यालासुद्धा गप्प राहायची अक्कल सुचली, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. वहिनीने पदर सोडला, चंद्रिकेच्या हातातला पिठाचा गोळा काढून घेतला आणि म्हणाली, “बस इथे. बघ नीट.” आणि चुलीकडे वळून, आमच्याकडे न बघता, “ताई, भिकीला बोलाव.”

भिकी म्हणजे आमची धवलेरी. आमच्यात लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. गाणी म्हणत म्हणत सगळे विधी तीच करते. भिकीचं वय तिला स्वतःला माहीत नाही, पण तिने लावलेलं प्रत्येक लग्न तिच्या तोंडपाठ. ती आली, बसली आणि म्हणाली, “पहिलं काम, भिंतीवर देवीचा चौक काढायला पाच सवाशिणी पाहिजेत. लग्न लागलेल्या. नावं सांगा.”

मी वही काढली आणि पहिलं नाव माझंच घातलं.

भिकी म्हणाली, “तू नाही.”

“का? मी का नाही?”

“तुझं लग्न मी लावलेलं नाही.”

आता इथे मला एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी कुणाला सांगत नाही. माझ्या घरात भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो आहे. मी शालू नेसलेली, दिपक कोटात, दोघांच्या गळ्यात हार. चौदा वर्षं येणारा-जाणारा तो बघतो. तो फोटो डहाणूच्या एका स्टुडिओत काढलेला आहे. शालू स्टुडिओचा, कोट स्टुडिओचा, हार प्लॅस्टिकचे. लग्न पुढच्या वर्षी करायचं होतं.

“फोटोत हार घातला म्हणजे लग्न होतं का गं?” भिकी सगळ्यांदेखत म्हणाली. मेले मी! एवढी मी लोकांना नियम सांगत फिरणारी. दिपकला तर आनंदच झाला. “बरं झालं,” म्हणाला, “मला पण हळद लागेल.” भिकीने मग दुसरं नाव खोडलं, तिसरं खोडलं. पांड्या फार हसत होता, तर त्याच्याकडे वळून म्हणाली, “मेंबर, तुझंपण नाही.” पांड्याचं हसू असं गेलं जसं काही लाईटच गेली.

संध्याकाळपर्यंत हिशेब लागला. अख्ख्या पाड्यात लग्न लागलेल्या सवाशिणी दोन. आणि लग्न राहिलेली जोडपी सहा, त्यात एक मेंबर आणि एक सरकारी ताई. उरलेल्या तीन सवाशिणी शेजारच्या पाड्यावरून मागून आणायच्या ठरल्या, लग्नाची भांडी आणतात तशा. आणि मंगळवारी सहाही लग्नं एका मांडवात, गुरुवारी त्याच मांडवात चंद्रिकेचं. जेवण सगळ्यांचं एकत्र, प्रत्येक घरातून तांदूळ.

माझी मुलगी आठवीत आहे. तिने विचारलं, “आई, मी मुलाकडची का मुलीकडची?” मी तिला पाणी भरायला पाठवलं.

दिपक डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात कामाला आहे. तिथून त्याने बाद झालेल्या फुग्यांची पोती आणली आणि मांडव असा सजवला की ज्याचं नाव ते. सगळ्या फुग्यांवर ‘हॅपी बर्थडे’. काहींवर तेही उलटं छापलेलं.

मंगळवारी सकाळी मी वहिनीला तयार करायला गेले. म्हणजे मी स्वतः नवरी, हळद लावलेली, आणि दुसऱ्या नवरीला नेसवतेय. तिने पेटी उघडली आणि मोरपंखी साडी काढली. तीन वर्षं तशीच घडी. ब्लाउज अंगात घातला तर ढगळ, दोन माणसं मावतील. किती वाळली होती ती, ते मला त्या दिवशी दिसलं. मी पिना लावायला घेतल्या.

“रंग पोरानेच निवडला होता,” वहिनी म्हणाली. “मी म्हटलं, म्हातारीला मोरपंखी कशाला? तर म्हणाला, नवरी कधी म्हातारी असते का?”

मला रडू आवरेना. डोळ्यांपुढे सगळं धूसर, आणि मी पिन सरळ तिच्या दंडात खुपसली. “अगं आंधळे!” ती ओरडली. भिकी कोपऱ्यात बसली होती. ती उठून आली, वहिनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “माझी दोन गेली, बुधे. एक पाळण्यातलं आणि एक चालतं-बोलतं. त्यानंतर पहिलं लग्न लावायला बसले तर गाणं तोंडातून निघेना. मग बायांनी म्हटलं माझ्यासाठी. तुझंही आम्ही म्हणू.” वहिनी तिच्या कुशीत शिरली आणि मोठ्याने रडली. तीन वर्षांचं रडणं होतं ते, लवकर संपणार नव्हतं. बाहेर पांड्याची बायको हाका मारतेय, मुहूर्त चाललाय, मी म्हटलं, जाऊ दे मुहूर्त. आम्ही सगळ्या जणींनी रडून घेतलं आणि मग तोंडं धुतली.

लग्न मात्र दणक्यात झालं. नवरदेवाला खांद्यावर घेऊन नाचायची पद्धत आहे. जन्मभर झाडावर चढलेला चिमणदादा दिपकच्या भावाच्या खांद्यावर बसल्यावर भीतीने असा ओरडायला लागला की वाजंत्री थांबली. “खाली घ्या! पडेन मी!” वहिनी समोरून म्हणाली, “तीस फुटांवरून पडत नाही आणि इथून पडतोय!” आणि सगळा मांडव हसला. मेलेल्या पूर्वजांनाही लग्नाला बोलवायची रीत आहे. सहा घरांचे एकेक करून बोलवायचे तर रात्र झाली असती, म्हणून भिकीने ‘सगळे या, जेवून जा’ असं एकदाच सांगून आटोपलं. माझ्या गळ्यात हार पडला तेव्हा खरं सांगते, मला लाज वाटली. नव्या नवरीसारखी. त्या माणसाचे कपडे मी चौदा वर्षं धुतेय.

गुरुवारी चंद्रिकेचं लग्न. निम्मे फुगे तोवर सुरकुतले होते. जिव्या आपल्याच टेम्पोतून वऱ्हाड घेऊन आला, स्वतः चालवत, बाशिंग बांधून. चिमणदादा आणि वहिनी मुलीच्या मागे आईबाप म्हणून बसले. वहिनी ताठ बसली होती. आता तिला मांडवातून उठवायला कोणाची छाती नव्हती.

भिकीने विधी सुरू केले. आज एकच लग्न, त्यामुळे घरच्या गेलेल्या माणसांना नावाने बोलवायचं होतं. ती म्हणाली, “मुलीकडचे, सांगा नावं.” मामाने चंद्रिकेच्या आईबापाचं नाव सांगितलं. चिमणदादाने आपल्या बापाचं आणि आजाचं सांगितलं, आणि तो वहिनीकडे बघायला लागला. भिकी वाट बघत राहिली.

“सुदाम,” बुधीवहिनी म्हणाली.

तीन वर्षांत तिच्या तोंडून ते नाव आम्ही ऐकलं नव्हतं. चंद्रिकेने डोळे मिटले. आणि मुलाकडच्या बाजूने जिव्याचा काका ताडकन उठला.

“हे काय चाललंय? जिच्याशी त्याची सोयरीक ठरलेली, तिच्याच लग्नात त्याला बोलावता? आमच्या मुलाचा अपमान आहे हा!”

काका तसा चुकीचं बोलत नव्हता, तेच तर वाईट. पांड्या मध्ये पडायला उठला, मी त्याला खाली ओढला, कारण तो मध्ये पडला की दोन्ही बाजू पडतात. वहिनी भांडली नाही, उठली नाही. मला वाटलं, आता ही घरात जाईल आणि दार लावून घेईल, आणि या वेळी ते उघडणार नाही.

“काका, बसा,” जिव्या म्हणाला. बाशिंग बाजूला सरकवून त्याने काकाकडे बघितलं. शांत पोरगा. “हे दोघं हिचे आईबाप म्हणून बसलेत ना?”

“हो. मग?”

“मग त्यांचा पोरगा हिचा कोण?”

काका विचार करायला लागला. मग म्हणाला, “भाऊ.”

“म्हणजे माझा मेव्हणा. घरच्या लग्नात मेव्हण्यालाच बोलवायचं नाही?” आणि भिकीकडे वळून, “आजी, बोलवा त्यांना.”

काका बसला. नात्याच्या हिशेबापुढे काका काय करणार! भिकीने सुदामला बोलावलं. नावाने, गाण्यात घालून, दोनदा. बायांनी धरलं गाणं, पलीकडच्या बायांनीही धरलं. बुधीवहिनी डोळे न पुसता ऐकत होती.

आता मुलीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, ही काही आमची जुनी रीत नाही. तलासरीच्या मांडवांतून आणि टीव्हीतून आलेली. पण आली आहे. जिव्याने काय करावं? विधी संपल्यावर तो वहिनीपुढे जाऊन वाकला आणि कान पुढे केला.

“मेव्हण्याचा मान राहिलाय,” तो म्हणाला.

वहिनीने त्याचा कान धरला आणि असा पिळला की पोरगं “आई गं!” करून ओरडलं आणि पाडा, वऱ्हाड, काका, सगळे हसायला लागले. वहिनी हसत होती आणि रडत होती आणि कान काही सोडत नव्हती.

तेवढ्यात मागून चिमणदादा उठला. लोकांच्या मधून वाट काढत पुढे आला आणि नवरदेवाचा दुसरा कान पकडला.

“हा माझा,” तो म्हणाला. “पोर दोघांचं होतं.”